दोन घरचा पाहुणा : दुहेरी आयुष्य जगणाऱ्या हेरांच्या गोष्टी आपल्याला का धरून ठेवतात?

मोगरा

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब आणि वाचायला बंदी. वाचल्याशिवाय तिला करमत नाही, म्हणून रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मी तिला मोठ्याने वाचून दाखवायला बसायचे. दोन दिवस हरिपाठ आणि जुने दिवाळी अंक झाले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तू रात्री एवढी गढून काय वाचत असतेस, ते सांग की."

मी वाचत होते किम फिल्बीविषयी. जन्म १ जानेवारी १९१२, आपल्याकडे अंबाल्याला. वडील ब्रिटिश सरकारात आयसीएस. किपलिंगच्या कादंबरीत हेरगिरी करणारा एक पोरगा आहे, किम. तेच नाव या मुलाला लाडाने पडलं आणि जन्मभर चिकटलं. केंब्रिजला शिकला. १९३४ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एका सोव्हिएत हेराने त्याला आपल्या बाजूला वळवलं. पुढे १९४० मध्ये तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यात शिरला आणि चढत गेला. १९४४ साली खात्याने सोव्हिएत युनियनविरुद्ध नवा विभाग काढला, त्याचा प्रमुख म्हणून यालाच नेमलं. कुंपणच शेत खात होतं, आणि राखणदारीसाठी त्याच कुंपणाला बढती मिळत होती.

१९५१ साली त्याचे दोन साथीदार, बर्जेस आणि मक्लीन, मॉस्कोला पळाले. संशयाची सुई याच्यावर आली, नोकरी गेली. पण १९५५ मध्ये परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी भर पार्लमेंटात सांगितलं की याच्याविरुद्ध काही पुरावा नाही. मग हा पत्रकार म्हणून बेरूतला जाऊन राहिला. जानेवारी १९६३ मध्ये निकोलस एलियट लंडनहून त्याला भेटायला आला. एलियट त्याच खात्यातला, वीस वर्षांचा जिवाभावाचा मित्र. सगळे संशय घेत असताना फिल्बीची बाजू घेऊन भांडलेला. या वेळी मात्र तो सांगायला आला होता की आता आम्हाला सगळं कळलंय.

२३ जानेवारीची रात्र. बेरूतमध्ये मुसळधार पाऊस. फिल्बी आणि त्याची बायको एलिनॉर यांना ब्रिटिश वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याकडे जेवायला बोलावलं होतं. मी थेट तिकडेच येतो, असा त्याचा निरोप होता. ती गेली. तो आलाच नाही. त्याच रात्री तो बंदरात उभ्या असलेल्या सोव्हिएत मालवाहू जहाजावर चढला होता.

इथे मी पाणी प्यायला थांबले. मला वाटलं, आई विचारेल पुढे पकडला का, काय झालं. आईने विचारलं, "आणि ती जेवली का गं?"

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. कॉलेजात असल्यापासून मी हेरकथा वाचते. मला वाटायचं, मला आवडतात ते सांकेतिक निरोप, पाठलाग, खोटे पासपोर्ट. आईच्या प्रश्नानंतर जुनी पुस्तकं पुन्हा चाळली, तर माझ्या पेन्सिलीच्या खुणा सगळ्या भलत्याच ठिकाणी निघाल्या. जिथे तो घरी येतो, मुलांना झोपवतो, बायकोने विचारलेल्या साध्या प्रश्नाला साधं उत्तर देतो, तिथे तिथे खूण. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच जागा शोधत वाचत होते आणि माझं मलाच कळलं नव्हतं.

तो खोटं बोलत होता याबद्दल वादच नाही. पण एलिनॉरबरोबर त्याने जी वर्षं काढली, ती खोटी होती का? मला याचं उत्तर खरंच हवं आहे. तुम्हाला या गोष्टींत काय धरून ठेवतं, तेही लिहा.

दिंडीदरवाजा

मोगरा, सुंदर लिहिलंय. पण हेर म्हटलं की मराठी माणसाला आधी बहिर्जी नाईक आठवायला हवेत. सभासद बखरीत सुरतेच्या प्रसंगी बहिर्जी जासूदाचा उल्लेख येतो. सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, ही खबर त्यांची. १६६४ ची ती मोहीम अशा खबरींवर उभी होती. एवढा मोठा माणूस आणि कागदोपत्री जेमतेम चार ओळी! बाकी सगळं आपण कथा-कादंबऱ्यांत रंगवलेलं. फकीर, वासुदेव, बैरागी. मला तर तेच सोंग धरून ठेवतं. परमुलखात बिनदिक्कत वावरायचं आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

मोगरा

दिंडीदरवाजा, बहिर्जींबद्दल आदरच आहे. पण माझ्या मनातली गोष्ट थोडी वेगळी आहे. बहिर्जींचं सोंग बाहेरच्यांसाठी. आत माणूस एकसंध, महाराजांचा. सोंग उतरवलं की ते घरी. फिल्बीला सोंग उतरवायला जागाच नव्हती. जेवायच्या टेबलावर सोंग, मित्राच्या खांद्यावर हात ठेवताना सोंग. तीस वर्षं चढवलेलं सोंग आणि कातडी यांत फरक उरतो का, हा माझा प्रश्न.

पाणिनीच्या_गावचा

या धाग्यावर कौटिल्य यायलाच हवा. दोन्ही बाजूंचा हेर याला आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून शब्द आहे: उभयवेतन. दोन्हीकडून पगार घेणारा. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात, बाराव्या अध्यायात, गुप्तहेरांची सगळी उतरंड सांगून झाल्यावर तो येतो. आणि कौटिल्याने त्याच्याबद्दल दिलेला पहिला नियम असा:

गृहीतपुत्रदारांश्च कुर्यादुभयवेतनान् ।

ज्यांची बायकामुलं आपण ताब्यात ठेवली आहेत, अशांनाच उभयवेतन करावं. पुढच्याच ओळीत म्हणतो, शत्रूनेही असेच लोक आपल्याकडे पाठवले असणार हे धरून चाला, आणि त्यांची पारख त्यांच्यासारख्यांकडूनच करून घ्या.

मोगराताई, तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न आणि कौटिल्याचा हा नियम एकाच जागेवर बोट ठेवतात. दोन्ही बाजूंना पाय असलेल्या माणसाचा खरा खुंटा कुठे रोवलेला आहे? घरात. आई तिथे मायेने बघतात, कौटिल्य दोरी बांधायला बघतो.

दुसरं 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातलं. सगळे चाणक्याच्या बुद्धीबद्दल बोलतात, मला त्यात भागुरायण आवडतो. हा चाणक्याचा माणूस, पण मलयकेतू या शत्रूकडच्या राजकुमाराच्या गोटात त्याचा जवळचा मित्र म्हणून पेरलेला. पाचव्या अंकात मलयकेतू त्याच्यावर पूर्ण विसंबतो, आणि त्या क्षणी भागुरायण मनाशी म्हणतो, आपल्यावर इतकी माया करणाऱ्या या कुमाराला फसवायचं, किती अवघड आहे हे! एवढंच. पुढच्या क्षणी तो कामाला लागतो आणि मलयकेतूचा विश्वासघात पूर्ण करतो. विशाखदत्ताने त्याला ते एकच स्वगत दिलंय. पण नाटक मिटल्यावर मला राक्षस या शत्रूकडच्या मंत्र्याचं शरण जाणं आठवत नाही, हे आठवतं. "अवघड आहे" म्हणाला, आणि केलं.

चाफेकळी

'गृहीतपुत्रदार' वाचून अंगावर काटा आला. धागा वाचनखुणांत साठवलाय.

उत्तररात्र

पाणिनीच्या_गावचा यांनी जो नियम दिला, तो १९८५ साली मॉस्कोत जसाच्या तसा चालू होता.

ओलेग गोर्डिएव्हस्की. वडील स्टालिनच्या गुप्त पोलिसांत, भाऊ केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेत, हा स्वतः केजीबीत. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहताना पाहिली, १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. तिथे त्याचं मन फिरलं. १९७४ पासून कोपनहेगनमध्ये तो ब्रिटिशांसाठी काम करू लागला, पुढे लंडनला बदली झाली. फिल्बी ज्या रस्त्याने गेला, त्याच रस्त्याने हा उलट दिशेने आला. बायको लैला आणि दोन लहान मुली. लैलाला त्याने अक्षरानेही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला एकतर त्याला पकडून द्यावं लागलं असतं, नाहीतर गुन्ह्यात सामील व्हावं लागलं असतं.

मे १९८५ मध्ये त्याला अचानक मॉस्कोला बोलावलं. औषध घालून चौकशी केली. सुटका करायची तर ब्रिटिशांनी आधीपासून आखलेली एक खूण होती: एका ठरलेल्या संध्याकाळी कुतुझोव्हस्की रस्त्यावर एका ब्रिटिश सुपरमार्केटची पिशवी हातात धरून उभं राहायचं. समोरून ब्रिटिश माणूस चॉकलेट खात जाईल, म्हणजे निरोप पोचला. बायको-मुली तेव्हा सुट्टीसाठी दूर कॅस्पियनच्या बाजूला गेल्या होत्या. त्याने त्यांना नेलं नाही.

२० जुलैला फिनलंडच्या सरहद्दीवर तो ब्रिटिश वकिलातीच्या गाडीच्या डिकीत दुमडून पडला होता. नाक्यावर कुत्री हुंगत हुंगत गाडीकडे आली, तेव्हा गाडीतल्या अधिकाऱ्याच्या बायकोने आपलं तान्हं बाळ नेमकं त्या डिकीवर ठेवलं आणि त्याचं लंगोट बदललं. कुत्री त्या वासाने गोंधळली. मी हा प्रसंग किती वेळा वाचला असेल. खाली पत्र्याच्या आत एक बाप, वर दुसऱ्याचं बाळ. आणि त्याच्या स्वतःच्या मुली दोन-अडीच हजार किलोमीटरवर, बाबा कुठे आहे हे माहीत नसलेल्या.

लैलाला आणि मुलींना सोव्हिएत सरकारने सहा वर्षं सोडलं नाही. १९९१ मध्ये त्या लंडनला आल्या. लग्न टिकलं नाही. तो २०२५ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये वारला.

फिल्बी आणि गोर्डिएव्हस्की यांत मी नि:संशय गोर्डिएव्हस्कीच्या बाजूचा. तो ज्या राजवटीविरुद्ध गेला ती खरोखर माणसं चिरडणारी होती. पण लैलाच्या जागी बसून बघितलं तर दोघांत फरक काय राहतो? तिच्या घरातूनही एक माणूस न सांगता गेलाच.

कोकणकडा

इथे सगळे फिल्बीबद्दल हळवे होताहेत, म्हणून मला वेगळं लिहायचंय. धागाकर्तीशी असहमत आहे, राग मानू नये.

ऑगस्ट १९४५. इस्तंबूलमधल्या सोव्हिएत वकिलातीतला कॉन्स्टंटिन व्होल्कोव्ह ब्रिटिशांकडे आला. मला आणि माझ्या बायकोला आसरा द्या, मी तुम्हाला लंडनमधल्या सोव्हिएत हेरांची नावं देतो. त्यातला एक तुमच्याच प्रतिहेर (शत्रूचे हेर शोधणाऱ्या) विभागाचा मुख्य आहे, असंही तो म्हणाला. ही फाइल लंडनला कोणाच्या टेबलावर गेली? फिल्बीच्या. त्याने मॉस्कोला कळवलं, आणि स्वतः इस्तंबूलला जायला जितका उशीर लावता येईल तितका लावला. व्होल्कोव्ह आणि त्याची बायको यांना अंगभर पट्ट्या गुंडाळून, स्ट्रेचरवर घालून सोव्हिएत विमानात चढवलं. त्यानंतर त्यांचं काय झालं असेल ते कोणाला सांगायला नको.

तीही एक बायकोच होती. तिचं नाव घेऊन कोणी धागा काढत नाही.

१९६७ साली मॉस्कोत एका पत्रकाराने फिल्बीला विश्वासघाताबद्दल विचारलं. तो म्हणाला, विश्वासघात करायला आधी त्यांचं असावं लागतं, मी त्यांचा कधी नव्हतोच. मला हे वाक्य अतिशय निर्दय वाटतं. एलियट तुझा नव्हता? एलिनॉर तुझी नव्हती? मोगरा विचारतात की घरातली वर्षं खोटी होती का. माझं उत्तर स्पष्ट आहे. एलिनॉर १९६३ च्या सप्टेंबरात त्याच्यामागे मॉस्कोला गेली. सगळं कळल्यावर गेली. आणि तिथे त्याने मक्लीनच्या, म्हणजे आपल्याच साथीदाराच्या बायकोशी सूत जुळवलं. १९६५ मध्ये एलिनॉर त्याला सोडून परतली. मॉस्कोत तर सोंगाची गरज नव्हती ना? मग तिथेही तसाच का वागला?

मोगरा

कोकणकडा, राग कसला. व्होल्कोव्हच्या बायकोबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला फार लागलं. मी तो भाग आईला वाचून दाखवताना गाळला होता, हे आत्ता लक्षात आलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर सुचतं ते लिहिते. फसवायची सवय कामासाठी लागली असेल, पण ती कामापुरती राहिली नाही. सुटीच होत नव्हती तिला. आणि मॉस्कोने तरी त्याला कुठे जवळ केलं? तो स्वतःला केजीबीचा कर्नल समजत होता. तिथे गेल्यावर कळलं की आपण फक्त त्यांचा एक खबऱ्या. कित्येक वर्षं त्यांनी त्याला आपल्या मुख्य कचेरीत पाऊलही ठेवू दिलं नाही. म्हणून मी धाग्याला ते नाव दिलं. दोन घरचा पाहुणा उपाशी. आपण ही म्हण आमंत्रणाबद्दल वापरतो, पण उपास कसला ते इथे कळतं.

जुनी_वही

इंग्लंड-रशिया झालं, आता आपल्याकडचा माणूस सांगतो. भगतराम तलवार. सुभाषबाबू जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या नजरकैदेतून निसटून पेशावरला पोचले, तिथून डोंगरवाटांनी काबूलला गेले. मुक्याबहिऱ्या पठाणाच्या वेषात. सोबत 'रहमत खान' नावाने पुढे चालणारा, सगळीकडे बोलणारा, तो भगतराम. त्याचा भाऊ हरिकिशन. त्याने लाहोरला पंजाबच्या गव्हर्नरवर गोळी झाडली आणि १९३१ मध्ये फासावर गेला. म्हणजे इंग्रजांशी वैर घरातच.

नेताजी काबूलहून पुढे बर्लिनला गेले. भगतराम आधी इटालियनांसाठी, मग जर्मनांसाठी काम करू लागला. जर्मनांनी पैसे दिले, वायरलेस दिला, आयर्न क्रॉस हे लष्करी पदकही दिलं. पण भगतराम मुळात साम्यवादी. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर तो रशियनांच्या बाजूला गेला, आणि रशियनांनी त्याला पुढे इंग्रजांच्या हाती दिलं. इंग्रजांनी त्याला टोपणनाव दिलं 'सिल्व्हर'. दिल्लीत बसून इंग्रज अधिकारी खोट्या लष्करी बातम्या तयार करायचे आणि त्या भगतरामच्या नावाने बर्लिनला जायच्या. पुढे जपान्यांनाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप अस्वस्थ झालो होतो. नेताजींना बर्फातून हात धरून नेणारा माणूस, आणि तोच नेताजींच्या बाजूच्या जर्मनी-जपानला इंग्रजांनी लिहिलेलं खोटं पुरवतो. फाशी गेलेल्या भावाचा भाऊ! हा गद्दार की देशभक्त, मी कितीतरी दिवस ठरवू पाहत होतो. आता मला वाटतं, त्याच्या निष्ठा दोन नव्हत्या, तीन होत्या: देश, पक्ष आणि फॅसिझमविरुद्धची लढाई. १९४१ च्या जूनपर्यंत त्या एका रस्त्याने चालल्या. मग रस्ता फुटला. आपल्यापैकी बहुतेकांचा रस्ता कधी फुटतच नाही, म्हणून आपण स्वतःला एकनिष्ठ समजतो.

सातासमुद्रापार

मी या संस्थळावर नऊ वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहितोय.

न्यूजर्सीत राहतो. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा उजवा हात वर करून म्हणायचं होतं की आजवर ज्या परक्या राजाशी, राज्याशी माझी निष्ठा होती ती मी संपूर्णपणे, नि:शेष सोडतो. इंग्रजीत शब्द खूप जुने, भारदस्त आहेत. आजूबाजूला वीस-पंचवीस देशांची माणसं होती. मी शब्द म्हटले. आवाज नीट निघाला. घरी येऊन आईला पुण्याला फोन केला तर ती म्हणाली, पेढे आणलेस का. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत केला, त्यावर रद्द केल्याचा शिक्का बसून आला. तो मी फेकलेला नाही. बायकोच्या मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवलाय.

१२ जून २०२४ ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला भारत विरुद्ध अमेरिका सामना होता, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा. मी मुलाला घेऊन गेलो होतो. अमेरिकेकडून पहिली ओव्हर टाकायला आला सौरभ नेत्रावळकर. आपल्या मुंबईचा, भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून खेळलेला. त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं, मग रोहितलाही. माझा मुलगा उडी मारून ओरडला. मी उठलो, आणि अर्धवट उभा राहिलो. काय करायचं तेच कळेना. कोहली गेल्याचं दुःख, आणि आपला मराठी पोरगा विकेट घेतोय याचा ऊर भरून आलेला, आणि मुलगा माझ्या तोंडाकडे बघतोय की बाबा कोणाचा.

फिल्बीबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. मॉस्कोत तो लंडनचा 'टाइम्स' टपालाने मागवायचा आणि शिळे झालेले क्रिकेटचे स्कोअर वाचायचा. कोकणकडा म्हणतात तसा तो निर्दय असेलच. व्होल्कोव्हचं वाचून मलाही चीड आली. पण तो स्कोअर वाचणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. मी कोणाला फसवलेलं नाही. तरी या गोष्टी वाचताना माझ्या पोटात काहीतरी हलतं, ते का, हे मला या धाग्यामुळे आज पहिल्यांदा नीट सांगता आलं.

चाफेकळी

सातासमुद्रापार, लिहीत राहा. नऊ वर्षं का थांबलात?

रातराणी

माझ्या मामांबद्दल लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. आता मामाही नाहीत आणि मामीही नाही, म्हणून लिहिते. गाव आणि साल लिहीत नाही.

मामा सरकारी नोकरीत होते, सतत उत्तरेकडे. चाळीत सगळ्यांना माहीत होतं की ते हवामानाच्या ऑफिसात आहेत. ते तिथे नव्हते. नक्की कुठे होते हे मामीलाही पूर्ण ठाऊक नसावं, पण हवामानाचं नाही एवढं तिला माहीत होतं. मे महिना सरत आला की चाळीतल्या बायका मामीला विचारायच्या, "वहिनी, भाऊजींनी काही कळवलंय का, पाऊस कधी यायचाय? पापड घालायचेत, गाद्या उन्हात टाकायच्यात." आणि मामी सांगायची. मी सुटीत तिच्याकडे असायचे. ती पहाटे पाण्याच्या वेळेला उठायची, पेपर आला की सगळ्यात आधी हवामानाचा रकाना वाचायची, आणि मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहून ठेवायची. मामांनी तिला असं करायला सांगितलेलं नव्हतं. तिचं तिने ठरवलं होतं. नवऱ्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून ती बाई पावसाचा अभ्यास करायची.

आपण सगळे विचारतोय की बायकोला फसवताना त्या माणसाला काय वाटत असेल. मला मामीचं आठवतं. ती फसलेली नव्हती. ती स्वतःही ते आयुष्य जगत होती, सोबत कोणी नसताना, बिनपगारी. मामा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा चाळीने त्यांना पावसाचं विचारलं. त्यांना काही सांगता येईना. मामीनेच आतून उत्तर दिलं.

पाणिनीच्या_गावचा

रातराणी, कौटिल्याच्या यादीत तुमच्या मामीसाठी शब्द नाही. मी पुन्हा सगळा अध्याय बघितला. नाही.

मोगरा

काल आईचा शेवटचा थेंब पडला, डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली. तरी म्हणाली, तूच वाचून दाखव. मी फोनवरून सगळे प्रतिसाद वाचले, या वेळी व्होल्कोव्हचा भाग न गाळता. ती बराच वेळ गप्प होती. उत्तररात्र यांचा डिकीवरच्या बाळाचा प्रसंग दोनदा वाचायला लावला. सातासमुद्रापार यांच्या आईंना तिने नमस्कार सांगितलाय.

रातराणी, तुमच्यासाठी तिचा एक प्रश्न आहे. मामींनी सांगितलेला पाऊस खरा यायचा का?

रातराणी

मोगरा, तुमच्या आईंना सांगा, बहुतेक वेळा यायचा. पेपरवर तिचा पूर्ण भरवसा नसायचा. जिन्याखाली मुंग्या अंडी घेऊन वर चढायला लागल्या का, तेही ती रोज कंदील धरून बघून यायची.